सान-नाक्जी: कोरियातला वळवळता ऑक्टोपस कसा खायचा, आणि कोणी टाळायचा

सान-नाक्जीचा धोका पोटापेक्षा गळ्याला जास्त आहे, हे आधी समजून घ्या. कच्चं समुद्री अन्न म्हटलं की आपल्याला उलट्या-जुलाब आणि जंत आठवतात. ते धोके इथेही आहेत आणि त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण कोरियात या पदार्थाने माणूस दगावल्याची बातमी येते तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं: तुकडा नीट न चावता गिळला, तो घशात चिकटला आणि श्वास कोंडला. म्हणून सान-नाक्जी खायला शिकणं म्हणजे मुख्यतः तो बारीक कापून घ्यायला आणि चावायला शिकणं.

'सान' म्हणजे जिवंत आणि 'नाक्जी' म्हणजे लांब, सडपातळ पायांचा ऑक्टोपस. शास्त्रीय नाव ऑक्टोपस मायनर. पायांसकट लांबी साधारण ७० सेंटिमीटरपर्यंत भरते. कोरियन बाजारात याचे दोन भाऊबंद शेजारीच दिसतात, त्यामुळे गल्लत होते. 'मुनो' हा मोठा, जाड पायांचा ऑक्टोपस बहुतेक उकडूनच खातात. 'जुक्कुमी' हा आखूड पायांचा, तोही परतून किंवा उकळत्या रश्श्यात बुडवून. कच्चा खायचा म्हणून जो प्रसिद्ध आहे तो नाक्जीच. कोरियन लोक म्हणतात, वसंतात जुक्कुमी आणि शरदात नाक्जी. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्याचा खरा हंगाम.

उत्तम नाक्जी येतो तो दक्षिण जोल्ला प्रांतातल्या मुआन, शिनान, मोक्पो या भागातून. ओहोटीला तिथे मैलोन् मैल चिखलाची मैदानं उघडी पडतात. त्यांना 'गेत्बोल' म्हणतात. त्यातल्या काही मैदानांना २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. चिखलातलं बीळ ओळखून कोळी फावड्याने किंवा थेट हाताने नाक्जी उपसून काढतात. थकव्यावर तो औषधासारखा मानतात. १८१४ सालच्या 'जासानओबो' या माशांवरच्या ग्रंथात, हुक्सान बेटावर हद्दपारीत राहिलेल्या जोंग याक-जोन यांनी लिहून ठेवलं आहे की खंगलेल्या बैलाला चार-पाच नाक्जी खाऊ घातले की तो पुन्हा ताकद धरतो. एवढी माया असलेला पदार्थ आहे हा. परदेशी पाहुणे मात्र तो बहुतेक वेळा धाडसाची पैज म्हणून तोंडात टाकतात, आणि पैजेवर खाणारा माणूस घाईत गिळतो. अपघात तिथेच होतो.

तुकडे का वळवळतात

ताटलीतला प्राणी जिवंत नसतो. स्वयंपाकी आधी डोकं वेगळं करतो आणि मग पाय चिरतो. ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश त्याच्या पायांत असतात. मेंदूचा हुकूम नसला तरी पाय स्पर्शाला उत्तर देत राहतो, म्हणून कापलेला तुकडाही वळतो, आखडतो, चिकटतो. मीठ किंवा सोया सॉस पडलं की हालचाल वाढते, कारण सोडियममुळे उरल्यासुरल्या चेतापेशी चेतवल्या जातात.

खाणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे चूषक, म्हणजे पायाच्या खालच्या बाजूच्या ओळीने लागलेल्या बारक्या वाट्या. वाटीची कड ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावर टेकते, आतला स्नायू मागे खेचला जातो आणि आतला दाब कमी होऊन वाटी घट्ट बसते. काचेवर रबरी हुक बसतो तसंच. चिनी मातीची ताटली, आपला गाल, टाळू आणि घसा हे सगळे ओले आणि गुळगुळीत, म्हणजे तिच्या सोयीचे. तुकडा वळवळायचा थांबला म्हणून वाट्या मेल्या असं समजू नका. हालचाल मंदावल्यावरही चिकटण्याची ताकद उरलेली असते.

पायाच्या बुडाशी वाट्या मोठ्या आणि स्नायू जाड असतो. टोकाकडे वाट्या मोहरीएवढ्या बारीक होत जातात. पहिल्यांदा खाणाऱ्याने टोकाकडचेच तुकडे उचलावेत, ते लवकर चावले जातात आणि कमी चिकटतात.

कोणी खाऊच नये

इथे भीड ठेवू नका. कवळी लावणारे, दाढा नसलेले किंवा दात दुखत असलेले, लहान मुलं, गिळताना ठसका लागणारे, पक्षाघातातून उठलेले आणि वयोवृद्ध माणसं यांनी हा पदार्थ खाऊ नये. कवळीने भात-वरण नीट चावता येतं, पण रबरासारखा तुकडा कवळीखाली सरकतो आणि माणसाला वाटतं की आपण चावलं. कोरियातही घास अडकल्याच्या घटनांत म्हातारी माणसं वारंवार दिसतात.

दुसरा गट आहे यकृताचा आजार असलेल्यांचा: सिऱ्हॉसिस, जुनाट हिपॅटायटिस, नेमाने भरपूर दारू पिणारे. त्यांच्याबरोबर मधुमेही, किडनीचे रुग्ण, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले आणि गरोदर बायका. यांना जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आपल्याकडे घरटी एखादा मधुमेही असतोच, आणि 'एक तुकडा खाल्ल्याने काय होतंय' असा आग्रहही आपल्याकडे होतो. हा आग्रह करू नका.

तिसरा गट अ‍ॅलर्जीवाल्यांचा. कोळंबी, कुर्ली किंवा माकूल खाल्ल्यावर अंगाला खाज सुटत असेल, ओठ सुजत असतील, तर ऑक्टोपस शिजवलेलाही खाऊ नका. कोळंबीत आणि ऑक्टोपसमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं सारख्या जातीचं प्रथिन असतं, आणि ते उष्णतेने नासत नाही.

कुठे आणि कधी खायचा

सोलमध्ये नोर्यांगजिन मासळी बाजार आणि ग्वांगजांग बाजार, बुसानमध्ये जागालची. या ठिकाणी माल सतत खपत असतो, म्हणून टाकीतला प्राणी ताजा असतो. नोर्यांगजिनला खाली विक्रेत्याकडून नाक्जी घ्यायचा आणि वरच्या मजल्यावरच्या खानावळीत नेऊन द्यायचा अशी पद्धत आहे. खानावळ माणशी बैठकीचे पैसे घेते आणि कापून, चटण्या-भाज्यांसकट वाढते. कोरियात हॉटेलांना नाक्जी कुठून आला हे फलकावर लिहावं लागतं. 'गुंग्नेसान' म्हणजे देशी, 'जुंगुक्सान' म्हणजे चिनी. चिनी म्हणून वाईट असं नाही, पण प्रवास लांबचा झालेला असतो, म्हणून टाकीतला तरतरीतपणा जास्त बारकाईने पाहा.

तरतरीत प्राणी टाकीच्या काचेला धरून असतो, हात लावला की रंग बदलतो आणि बोटाला लगेच चिकटतो. तळाशी सैल पडलेला, पांढुरका दुधाळ झालेला, शेंबडासारखा स्राव सुटलेला किंवा उग्र वास येणारा प्राणी कच्चा खायचा नाही. टाकीत मेलेला प्राणी फक्त शिजवून, आणि मेलाय कधी हे माहीत नसेल तर तसाही नाही.

महिना पाहा. समुद्राचं पाणी तापलं की त्यातले व्हिब्रिओ जिवाणू वाढतात. कोरियात व्हिब्रिओ व्हल्निफिकसचे रुग्ण मुख्यतः उन्हाळ्यात सापडायला लागतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त असतात. म्हणजे नाक्जीच्या हंगामाची सुरुवात आणि जिवाणूंचा भर एकमेकांवर येतात. कच्चा खायचाच असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर धरा. चव तेव्हाच भरलेली असते आणि पाणी निवलेलं असतं.

एक गोष्ट अजिबात करू नका: किनाऱ्यावर स्वतः पकडलेला छोटा ऑक्टोपस. जेजू बेट आणि दक्षिण किनाऱ्यावर निळ्या कड्यांचा ऑक्टोपस सापडतो. तळहातात मावेल एवढा, अंगावर निळी चमकदार वर्तुळं. त्याच्या विषाला, टेट्रोडोटॉक्सिनला, उतारा नाही. ते शिजवूनही जात नाही, आणि हा ऑक्टोपस नुसता चावला तरी माणूस मरू शकतो. निवांत असताना त्याची निळी वर्तुळं फिकी असतात, म्हणून रंग दिसला नाही म्हणजे तो सुरक्षित असं ठरवू नका.

मागवताना काय सांगायचं

दोन प्रकार समोर येतात. पहिला साधा सान-नाक्जी: पाय अडीच-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापलेले. दुसरा 'तांगतांगी': लाकडी पाटावर सुरीने, बहुतेकदा दोन्ही हातांत एकेक सुरी घेऊन, ठोकत ठोकत बारीक केलेला. पाटावर जो 'तांग-तांग' आवाज होतो त्यावरून नाव पडलं. नवख्याने तांगतांगीच मागवावा. कच्च्या गोमांसाबरोबर आणि अंड्याच्या बलकाबरोबरही तांगतांगी मिळतो. गोमांस नको असेल तर 'युख्वे' हा शब्द नावात नाही ना, ते पाहा.

तिसरा प्रकार आहे 'सेबाल नाक्जी', मोक्पोकडची खासियत. कोरियन भाषेत 'से' म्हणजे तीन असाही अर्थ होतो, त्यामुळे हा तीन पायांचा असतो अशी समजूत आहे. इथला 'से' बारीक या अर्थाचा आहे. पाय सगळे आठच, पण दोऱ्यासारखे बारीक. तो न कापता लाकडी काडीला गुंडाळून अख्खा तोंडात घालतात. लहानपणापासून हे खात आलेल्या तिथल्या माणसांची गोष्ट वेगळी. पाहुण्याने हा कच्चा, अख्खा प्रकार खाऊ नये. व्हिडिओसाठी तर नाहीच नाही.

चार वाक्यं पाठ करून ठेवा. 'जाक्के स्सोरो जुसेयो' म्हणजे बारीक कापून द्या. 'तांगतांगीरो हे जुसेयो' म्हणजे तांगतांगी करून द्या. 'चामगिरुम तो जुसेयो' म्हणजे तिळाचं तेल अजून द्या. आणि 'इख्यो जुसेयो' म्हणजे शिजवून द्या. शेवटचं वाक्य डोक्यासाठी वापरा. नाक्जीचं डोकं म्हणतात ते खरं तर त्याचं धड, ज्यात आतडी, यकृतासारखी ग्रंथी आणि शाईची पिशवी असते. कॅडमियमसारखे जड धातू याच ग्रंथीत साठतात. २०१० मध्ये सोल महापालिकेने डोक्यात जास्त कॅडमियम सापडल्याचं जाहीर केलं तेव्हा देशभर वाद झाला. केंद्रीय अन्न-औषध खात्याने नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास काळजीचं कारण नाही असं सांगितलं. आतडी काढून टाकावीत आणि डोकं रश्श्यात शिजवावं, हा त्यातला व्यवहारी मार्ग. बऱ्याच खानावळी पाय कच्चे वाढून डोकं शिजवून देतात.

कोरियात राहत असाल आणि घरी करायचा असेल तर

कामानिमित्त किंवा शिक्षणासाठी तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा भाग. दोघांना एक नाक्जी, १५० ते २०० ग्रॅमचा, पुरतो. विक्रेता समुद्राच्या पाण्यात प्राणवायू भरून पिशवी बांधून देतो. शेवटच्या क्षणी विकत घ्या आणि घरी आल्या आल्या करा. नळाच्या पाण्यात किंवा वितळत्या बर्फात ठेवलात तर गोडं पाणी लागून तो मरतो.

पहिलं काम, प्राण्याला लवकर मारणं. मेंदू दोन डोळ्यांच्या मध्ये असतो. टोकदार सुरी तिथे झटक्यात खुपसून मग पाय वेगळे करा. ऑक्टोपसला वेदना कळते हे मानायला आता भक्कम आधार आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात त्याला संवेदनशील प्राण्यांत घेतलं. जिवंत असताना पाय छाटायची गरज नाही. चवीत किंवा वळवळीत काही फरक पडत नाही, कारण पायाच्या चेतापेशी स्वतंत्रपणे चालूच असतात.

आता डोकं मोज्यासारखं उलटं करा, आतला सगळा गठ्ठा ओढून काढा. शाईची पिशवी फुटली तर काही बिघडत नाही, पण पाट काळा होतो. डोळ्यांचा पट्टा कापून टाका. सगळे पाय जिथे जुळतात तिथे मध्यभागी खालून अंगठ्याने दाबलं की पोपटाच्या चोचीसारखी काळी चोच बाहेर येते. ती काढली नाही तर दातावर टणकन लागते.

पायांवर जाडं मीठ एक चमचा आणि मैदा दोन चमचे टाका आणि बुडाकडून टोकाकडे, दूध काढल्यासारखं, मिनिटभर पिळा. वाट्यांत अडकलेला गेत्बोलचा चिखल आणि बुळबुळीत थर या कणकेत निघतो. मैदा राखाडी होईल. मग वाहत्या नळाखाली दोन-तीनदा धुवा. हे धुणं फक्त चिखलासाठी नाही. व्हिब्रिओ हे खाऱ्या पाण्यातले जिवाणू आहेत, गोड्या पाण्याने कातडीवरचे बरेच निघून जातात. सगळे जात नाहीत, ही मर्यादा लक्षात असू द्या. आतडी काढायला आणि पाय चिरायला वेगळी सुरी, वेगळा पाट. आतडी काढलेला पाट फक्त पाण्याने धुऊन त्यावरच पाय चिरणं ही घरगुती चूक सर्रास होते, आणि ज्या जिवाणूंना धुऊन काढलं तेच परत लागतात.

कागदी रुमालाने पाय टिपून कोरडे करा. धारदार, वजनदार सुरी घ्या. बोथट सुरीखाली पाय सरकतो, चेंगरतो आणि तुकडे लांब-आखूड होतात. लांब राहिलेला एखादा तुकडाच घशात अडकतो. लांबी एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. बुडाकडचा जाड भाग अर्ध्या सेंटिमीटरने, आणि जाडी जास्त असेल तर उभाही चिरून. सगळं चिरून झालं की पाटावर पुन्हा एकदा सुरी ठोकत फिरवा. दोन तुकडे कातडीने जोडलेले राहिले असतील तर ते सुटतात.

तेल आधी ताटलीला लावा, मग तुकडे पसरा. चटणीसाठी: कोरियन तिळाचं तेल एक मोठा चमचा, मीठ पाव चमचा, भाजलेले तीळ एक चमचा. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, गडद आणि खमंग वासाचं असतं. आपलं घाण्याचं फिकं तेल चालतं, पण तो वास येत नाही. तेल चवीसाठी आहेच, पण ते वाटीच्या कडेत आणि आपल्या गालात थर धरतं, त्यामुळे पकड सैल होते. कोरड्या तुकड्यापेक्षा तेलात पूर्ण घोळलेला तुकडा बराच कमी चिकटतो. व्हिनेगर घातलेली तिखट-आंबट चोगोचुजांगही देतात. चवीला छान, पण तिने तेलाचं काम होत नाही, म्हणून आधी तेल, मग ती.

तोंडात घातल्यावर

तुकडा ताटलीला चिकटला असेल तर सरळ वर ओढू नका. जेवायच्या धातूच्या काड्या (चॉपस्टिक) तेलाने निसरड्या होतात आणि हिसका बसला की तुकडा उडतो. काडीचं टोक एका कडेखाली सरकवा, कड उचलली की वाटीत हवा शिरते आणि ती आपोआप सुटते. ही युक्ती तोंडातही चालते.

एका वेळी एकच तुकडा. तेलात बुडवून थेट दाढांखाली ठेवा, जिभेच्या मध्यावर नाही. जिभेवर ठेवला की तो टाळूकडे किंवा मागे सरकतो. लगेच चावायला लागा आणि किमान वीस-पंचवीस वेळा चावा. गिळण्यापूर्वी एक कसोटी करा: घास जिभेने टाळूवर दाबा आणि सोडा. घास जिभेबरोबर खाली आला तर गिळा. टाळूला धरून राहिला, जराही ओढ जाणवली, तर परत दाढेखाली. पहिल्या तीन-चार घासांना ही कसोटी मुद्दाम करा, पुढे जिभेला सवय होते.

चव स्वतःची अशी सौम्य आहे. पहिल्या चावण्याला कुरकुरीत ताण, मग हलका गोडवा, आणि मागून तिळाचा वास. रस चावण्यातच सुटतो. म्हणजे नीट चावणाऱ्यालाच तो खरा कळतो.

घास तोंडात असताना बोलू नका, हसू नका, पाण्याचा किंवा सोजूचा, म्हणजे कोरियन दारूचा, घोट घेऊ नका. घोटाबरोबर न चावलेला तुकडा वाहून जातो. सोजू बरोबर घेण्याची रीत आहे, पण दोन-तीन पेल्यांनंतर खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि चावण्याकडे लक्ष राहत नाही. आधी नाक्जी संपवा, मग सोजू. ताठ बसून खा, आणि घास अडकला तर काय करायचं हे माहीत असलेला एक तरी माणूस टेबलावर असू द्या. एकट्याने खाऊ नका.

गालाला किंवा हिरडीला चिकटला तर घाबरू नका, तो पुढच्या भागात आहे. जिभेच्या टोकाने कड उचला. नाही सुटला तर चमचाभर तेल तोंडात घेऊन फिरवा किंवा बोटाने सोडवा. बोट फक्त दिसणाऱ्या तुकड्यापर्यंतच जाऊ द्या.

घशात अडकला तर

माणूस जोरात खोकत असेल, आवाज निघत असेल, तर त्याला खोकू द्या. पाठीवर थापा मारू नका, पाणी देऊ नका. आवाज बंद झाला, हात गळ्याकडे गेले, ओठ काळे-निळे पडायला लागले, तर लगेच हालचाल करा. एकाने ११९ लावायचा, कोरियात अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा हाच क्रमांक आहे. दुसऱ्याने माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या मुळाने पाच जोरदार फटके मारायचे. सुटलं नाही तर मागून कमरेला मिठी घालायची, एक मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवायची, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत-वर असे पाच झटके द्यायचे. पुन्हा पाच फटके, पुन्हा पाच झटके. वाट्या धरून बसलेल्या असतात म्हणून पहिल्या फेरीत सुटला नाही तरी थांबू नका. गरोदर किंवा खूप स्थूल व्यक्तीला पोटाऐवजी छातीच्या मध्यावर झटके द्या.

शुद्ध हरपली तर उताणं झोपवून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, ३० दाब आणि २ श्वास. दर वेळी श्वास देण्यापूर्वी तोंडात पाहा. तुकडा दिसला तरच काढा, अंधारात बोट घालून चाचपलं तर तो आणखी खाली जातो. घास सुटून माणूस बरा वाटला तरी, पोटाला झटके दिले असतील तर डॉक्टरांना दाखवा.

नंतरचे दोन-तीन दिवस

जेवणानंतर काही तासांपासून दिवसभरात पातळ जुलाब, पोटात कळा, उलट्या झाल्या तर बहुधा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. हा जिवाणू अनुकूल उष्णतेला दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून बाहेर तासभर पडून राहिलेली ताटली खाऊ नये. धडधाकट माणूस मीठ-साखरेचं पाणी घेत दोन-तीन दिवसांत सावरतो. जेवणानंतर काही तासांतच पोटात वरच्या बाजूला असह्य कळ आली तर अनिसाकिस हा जंत असू शकतो. तो दुर्बिणीने काढता येतो. माशांसाठी त्यावर उपाय म्हणजे उणे २० अंशांवर सात दिवस गोठवणं, पण वळवळता वाढायच्या पदार्थाला तो लागू होत नाही. म्हणून आतडी काळजीपूर्वक काढणं इथे महत्त्वाचं.

खरा जीवघेणा आहे व्हिब्रिओ व्हल्निफिकस. १२ ते ७२ तासांत ताप, थंडी, गळून जाणं, आणि मग बहुधा पायांवर लाल-जांभळे चट्टे आणि पाणी भरलेले फोड. रक्तात पसरल्यावर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. ताप आणि पायावर फोड दिसले तर सकाळची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत जा आणि 'कच्चं समुद्री अन्न खाल्लं होतं' हे आधी सांगा. लिंबू, वसाबी, लसूण, व्हिनेगर, सोजू यांपैकी कशानेही हा जिवाणू मरत नाही. वासाने किंवा चवीने तो ओळखूही येत नाही. त्याला मारते ती उष्णता, ८५ अंशांवर मिनिटाहून जास्त. हाता-पायाला जखम असेल तर कच्चा नाक्जी हाताळूही नका, हा जिवाणू जखमेतूनही शिरतो.

कोकणात किंवा मुंबईच्या बंदरावर मिळणाऱ्या ऑक्टोपसचा हा प्रयोग करू नका. तो ट्रॉलरवर मेलेला, बर्फात आलेला आणि शिजवून खाण्यासाठीच विकलेला माल असतो. त्याला कच्च्याचे नियम लावताच येत नाहीत.

शिजवलेला, पण चव तीच: योन्फोतांग

योन्फोतांग म्हणजे नाक्जीचा पातळ रस्सा. टाळायच्या यादीतल्या ज्यांना फक्त जंतूंची भीती आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग. अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी नाही. कवळीवाल्यांसाठी तुकडे एकदम बारीक करूनच, कारण शिजलेला ऑक्टोपसही चिवट असतो.

एक लिटर पाण्यात हाताच्या तळव्याएवढा केल्पचा, म्हणजे कोरियन 'दाशिमा' या समुद्री शेवाळाचा तुकडा आणि पातळ चकत्या केलेला १५० ग्रॅम मुळा घाला. उकळी फुटल्यावर पाच मिनिटांनी दाशिमा काढा, जास्त राहिला तर रस्सा बुळबुळीत आणि कडवट होतो. मुळा पारदर्शक झाला की ठेचलेला लसूण एक चमचा, चवीपुरतं मीठ आणि तिरकी चिरलेली एक हिरवी मिरची. आता आच मोठी करा आणि साफ केलेले दोन नाक्जी डोक्याकडून धरून आधी पाय बुडवा. पाय फुलासारखे वर वळतात, मग सगळा सोडा. रस्सा पुन्हा खदखदल्यापासून दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. तीन-चार मिनिटं झाली की स्नायू आखडून रबर होतो. पाय कात्रीने कापून वाट्यांत घाला आणि डोकं रश्श्यात आणखी पाच मिनिटं उकळू द्या, ते आतपर्यंत शिजायला वेळ लागतो.